पंप उलटा फिरतो तेव्हा: छोट्या जलविजेचा इतिहास



नदीवरून उसाला पाणी उचलणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, की पंप चालू असताना लाइट अचानक गेली तर काय होतं. तो सांगेल, पाणी मागं येतं. वर चढलेलं सगळं पाणी पाइपातून खाली धावतं. वाटेत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल, किंवा तो उघडा अडकून राहिला असेल, तर हे पाणी पंपात घुसतं आणि पंप मोटरसकट उलटा फिरायला लागतो. चांगला जोरात फिरतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हा बिघाड. मोटर खराब होईल, कपलिंग तुटेल, ही भीती.

पण जरा थांबून बघा. पाणी उंचावरून खाली येतंय, वाटेत एक चाक फिरवतंय आणि त्या चाकाला मोटर जोडलेली आहे. जलविद्युत केंद्रात याहून वेगळं काय असतं? तिथं चाकाला टर्बाइन म्हणतात आणि मोटरच्या जागी जनित्र असतं, एवढंच. मग बाजारात मिळणारा साधा पंप मुद्दाम उलटा चालवून वीज का करू नये?

करता येते. जगात अनेक ठिकाणी केली गेली आहे. आजचा भाग त्या इतिहासाचा आहे. त्यात म्युनिकची एक प्रयोगशाळा आहे, आपल्या किर्लोस्करांच्या घराण्यातली बंगळूरची एक कंपनी आहे आणि केनियातलं एक खेडं आहे. या सगळ्यातून मला एकच गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. डोंगरातल्या छोट्या वस्त्यांची वीज यंत्रापायी अडली नव्हती. यंत्र दुकानात पडलेलं होतं. अडलं होतं ते त्या यंत्राबद्दलच्या एका कागदापायी.

टर्बाइन महाग का आणि पंप स्वस्त का

आधी पार्श्वभूमी पाहू. भारतात पाण्यावर वीज तयार व्हायला लागली ती १८९७ साली, दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग इथं. क्षमता १३० किलोवॅट. आजच्या भाषेत तो छोटाच प्रकल्प. पुढे १९०२ मध्ये म्हैसूर संस्थानात शिवनसमुद्र आलं, १९१५ मध्ये टाटांचं खोपोली आलं. स्वातंत्र्यानंतर भाक्रा, कोयना, नागार्जुनसागर. कोयनेची एकूण क्षमता आज सुमारे १९६० मेगावॅट आहे. म्हणजे सिद्रापोंगसारखी पंधरा हजार केंद्रं एका ठिकाणी. वीज म्हणजे मोठं धरण, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलं ते असं.

मोठ्या प्रकल्पाचं टर्बाइन त्या जागेसाठी मुद्दाम बनवतात. पाणी किती उंचीवरून पडणार, सेकंदाला किती येणार, उन्हाळ्यात किती आणि पावसाळ्यात किती, हे सगळं मोजून चाकाचा आकार ठरतो. शंभर मेगावॅटच्या केंद्राला हा खर्च परवडतो. पण दोन किलोवॅटच्या ओढ्याला? तिथंही उंची मोजावी लागते, पाणी मोजावं लागतं, चाक ओतावं लागतं. खर्च वीजनिर्मितीच्या प्रमाणात कमी होत नाही. जितकं केंद्र लहान, तितकं प्रत्येक किलोवॅटमागे टर्बाइन महाग.

पंपाचं उलट आहे. तो कुणा एका विहिरीसाठी बनत नाही. हजारोंनी बनतो, म्हणून स्वस्त पडतो. तालुक्याच्या गावी मिळतो. बेअरिंग गेलं, सील गेलं, तर ते बदलणारा माणूसही तिथंच मिळतो. पंपाबरोबर मोटर बसवलेलीच येते. हे सगळं टर्बाइनच्या बाबतीत नाही.

मग पंप उलटा चालवण्याची कल्पना सर्वांना सुचायला हवी होती. सुचली, पण उशिरा आणि भलत्याच कारणानं.

म्युनिक, १९३१

जर्मनीतल्या म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात डीटर थोमा नावाचे प्राध्यापक होते. जलविद्युत शिकलेल्या प्रत्येकाला हे नाव माहीत असतं, कारण बोगद्यातल्या पाण्याचा दाब सांभाळणाऱ्या सर्ज टँकसाठी 'थोमा निकष' आजही शिकवतात. त्यांच्याबरोबर सी. पी. किट्रेज नावाचे अमेरिकन अभियंते काम करत होते.

त्यांचा प्रश्न आपल्या शेतकऱ्याचाच होता, फक्त मोठ्या प्रमाणावरचा. मोठं पंपिंग स्टेशन चालू असताना वीज गेली तर काय होईल? पाइपातलं पाणी आधी मंदावेल, थांबेल, मग उलटं धावेल. पंप आधी सुलटा फिरत राहील, मग थांबेल, मग उलटा फिरेल. या प्रत्येक क्षणी दाब किती वाढेल, पाइप फुटेल का, हे जाणून घ्यायचं होतं.

त्यासाठी त्यांनी पंप सगळ्या अवस्थांत चालवून मोजला. पाणी सुलटं, पंप सुलटा. पाणी उलटं, पंप सुलटा. पाणी उलटं, पंपही उलटा. नेहमी एकाच अवस्थेत वापरल्या जाणाऱ्या यंत्राचा हा संपूर्ण स्वभाव होता. या मोजणीत दिसलं, की पाणी उलटं आणि चाकही उलटं फिरत असताना हा पंप टर्बाइन म्हणून चांगलं काम करतो. त्याची कार्यक्षमता पंपाच्या मूळ कार्यक्षमतेच्या आसपास राहते.

१९३१ साली हे निष्कर्ष छापून आले. लेखाचं शीर्षक होतं, 'असाधारण स्थितीत चालवलेले सेंट्रिफ्यूगल पंप' अशा अर्थाचं. 'असाधारण' हा शब्द लक्षात ठेवा. वीज तयार करायला हा पंप वापरा, असं सांगायला ते निघालेच नव्हते. अपघात कसा टाळायचा हे शोधताना वापराचा रस्ता सापडला.

मोठ्यांना फायदा आधी झाला

पुढची पायरी अमेरिकेत पडली. कोलोरॅडो नदीचं पाणी वाळवंट आणि डोंगर ओलांडून लॉस एंजेलिसच्या परिसरात न्यायचं होतं. त्यासाठी प्रचंड पंप लागणार होते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्यांच्या चाचण्यांसाठी खास प्रयोगशाळा उभी राहिली. तिथल्या रॉबर्ट नॅप यांनी १९३७ मध्ये पंपाचे संपूर्ण आलेख, सगळ्या अवस्थांसह, प्रसिद्ध केले.

या ज्ञानातून एक नवं यंत्र पुढे आलं. दिवसा टर्बाइन, रात्री पंप. विजेची मागणी कमी असते तेव्हा पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. टेनेसी खोऱ्यातल्या हायवॅसी धरणावर १९५६ मध्ये असा मोठा संच बसला. आपल्याकडे नागार्जुनसागर, तमिळनाडूतलं कदंपराई आणि महाराष्ट्रातलं घाटघर इथं अशी केंद्रं आहेत. घाटघरचे १२५ मेगावॅटचे दोन संच २००८ मध्ये सुरू झाले. अकोल्याच्या डोंगरमाथ्यावरचं पाणी शहापूर तालुक्यात उतरतं आणि पुन्हा वर चढतं.

म्हणजे एकच यंत्र दोन्ही दिशांनी चालतं, हे सत्य कामाला लागलं. पण ते लागलं शेकडो कोटींच्या प्रकल्पांत. कारण तिथं प्रत्येक यंत्राची आधी प्रयोगशाळेत छोटी प्रतिकृती करून, ती दोन्ही दिशांनी चालवून, आलेख काढायला पैसे असतात. पाच अश्वशक्तीच्या पंपासाठी हे कोण करणार?

हरवलेला कागद

इथं आपण गोष्टीच्या गाभ्याशी येतो.

तुम्ही पंप घेता तेव्हा त्याच्याबरोबर एक आलेख मिळतो, किंवा मागितला तर मिळतो. इतक्या उंचीवर इतकं पाणी, त्याला इतकी शक्ती. हा आलेख सुलट्या पंपाचा असतो. उलट्या पंपाचा आलेख मिळत नाही. कंपनीनं तो कधी काढलेलाच नसतो, कारण तिचा गिऱ्हाईक पाणी चढवणारा असतो.

मग सुलट्याचे आकडे उलट्याला चालतील का? नाही चालत, आणि का चालत नाहीत ते समजायला अवघड नाही. पंप आणि पाणी यांच्यात काही शक्ती नेहमी वाया जाते. घासण्यात, भोवऱ्यांत, गळतीत. पंप म्हणून चालताना ही नासाडी वजा होते. चाकानं पाण्याला जेवढं दिलं, त्याहून कमी उंची आपल्या हाती लागते. टर्बाइन म्हणून चालताना तीच नासाडी अधिक होते. चाकाला जेवढं हवं ते द्यायचं आणि वर नासाडीची भरपाईही पाण्यानंच करायची. म्हणून तोच पंप टर्बाइन म्हणून नीट चालायला मूळ आकड्यांपेक्षा जास्त उंची मागतो आणि जास्त पाणीही मागतो.

किती जास्त? हाच तो प्रश्न. याचं उत्तर देणारं सोपं सूत्र पंपांवरचे गाजलेले लेखक स्टेपानॉफ यांच्या १९५७ च्या ग्रंथात सापडतं. पंपाची कार्यक्षमता घ्या. उंची त्या कार्यक्षमतेनं भागा. पाणी तिच्या वर्गमुळानं भागा. झालं.

एक उदाहरण करून बघू. समजा एक ओढा आहे. पाइपातली नासाडी वजा जाता २० मीटर उंची मिळते आणि सेकंदाला २५ लिटर पाणी मिळतं. पाण्यातली एकूण शक्ती किती? उंची गुणिले पाणी गुणिले ९.८१. साधारण ४.९ किलोवॅट. आता तुम्ही दुकानात गेलात आणि २० मीटर, २५ लिटरचा पंप मागितलात. दुकानदार आनंदानं देईल. तो आणून उलटा लावलात तर पस्तावाल. त्याची कार्यक्षमता ७० टक्के असेल, तर टर्बाइन म्हणून तो सुमारे २९ ते ३१ मीटर उंची मागेल. तुमच्याकडे आहे २०. चाक फिरताना दिसेल, पण हाती वीज फारच थोडी येईल. गावकरी म्हणतील, हे काही चालत नाही. आणि प्रकल्प तिथंच संपेल.

खरं तर त्या जागेला लहान पंप हवा होता. स्टेपानॉफच्या सूत्रानं १४ मीटर आणि सुमारे २१ लिटरचा. यंत्र बरोबर असूनही निवड चुकली की सगळं चुकतं, ते असं. आणि निवडीला लागणारी माहिती एका पानावर मावेल एवढी आहे.

मोटरचं जनित्र

पंपाच्या जोडीला मोटरचंही बघायला हवं. आपल्या पंपाची मोटर बहुतेक वेळा इंडक्शन मोटर असते. तिला बाहेरून वीज दिली तर ती फिरते. बाहेरून फिरवली तर ती वीज देईल का? जाळ्याला जोडलेली असेल तर देईल. पण डोंगरातल्या वस्तीत वीजजाळं नसतं, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

याचं उत्तर बॅसेट आणि पॉटर या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९३५ मध्ये मांडलं होतं. मोटरच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक असतं. तिला योग्य मापाचे कपॅसिटर जोडले आणि ती जरा जास्त वेगानं फिरवली, की त्या शिल्लक चुंबकत्वातून व्होल्टेज उभं राहतं आणि वाढत जाऊन स्थिर होतं. कपॅसिटर म्हणजे तेच, जे पंखा आणि पंपाच्या स्टार्टरमध्ये असतात. चार पोलची मोटर पंपाला जोडलेली असताना मिनिटाला साधारण १४५० फेरे घेते. जनित्र म्हणून तिला १५५० च्या आसपास फिरवावं लागतं. पंप निवडताना हा वेगातला फरकही हिशेबात धरावा लागतो.

म्हणजे १९३५ पर्यंत दोन्ही अर्धे भाग तयार होते. उलटा पंप म्युनिकमध्ये मोजला गेला होता, उलटी मोटर अमेरिकेत समजली होती. तरी त्यांची गाठ पडून खेड्यात दिवा लागायला आणखी चार-पाच दशकं गेली. १९७३ चं तेलसंकट आलं, डिझेल महागलं, आणि जगभरच्या अभियंत्यांनी लहान ओढ्यांकडे पुन्हा नजर वळवली. तेव्हा कुठं या विषयावर भराभर लिहिलं जाऊ लागलं.

बंगळूर, १९८५

आता आपल्या जवळचा धागा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावातून येऊन १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगरापासून सुरू झालेला तो उद्योग पुढे पंपांसाठी घरोघरी ओळखला गेला. मराठी शेतकऱ्याच्या तोंडी किर्लोस्कर आणि पंप हे शब्द जोडीनंच येतात. याच घराण्यातली किर्लोस्कर इलेक्ट्रिक ही कंपनी १९४६ मध्ये बंगळूरला सुरू झाली. ती मोटरा आणि जनित्रं बनवणारी.

१९८५ साली या कंपनीतून के. आर. शर्मा यांची एक पुस्तिका निघाली. विषय होता, छोट्या जलविद्युत प्रकल्पांत सेंट्रिफ्यूगल पंपांचा टर्बाइन म्हणून वापर. तिच्यात स्टेपानॉफच्या सूत्राला दिलेली दुरुस्ती होती. उंचीला कार्यक्षमतेच्या १.२ घातानं भागा, पाण्याला ०.८ घातानं. दिसायला किरकोळ फरक. पण आपल्या ओढ्याला लावून बघा. ७० टक्के कार्यक्षमतेला उंचीचं गुणोत्तर येतं सुमारे १.५३, पाण्याचं १.३३. म्हणजे १३ मीटर आणि सुमारे १९ लिटरचा पंप. आधीच्या सूत्रापेक्षा एक मीटर आणि दोन लिटर कमी. वेगाचा फरक धरला, तर १४५० फेऱ्यांच्या आलेखावर शोधायचा पंप आणखी लहान होतो. साधारण साडेअकरा मीटर आणि साडेसतरा लिटरचा.

असा पंप आपल्या ओढ्यावर पाच अश्वशक्तीच्या मोटरसह बसवला, तर चाकाशी सव्वातीन किलोवॅटच्या आसपास शक्ती मिळेल आणि तारेत अडीच किलोवॅटच्या आसपास वीज येईल. पाण्यातल्या शक्तीच्या निम्मी. मोठ्या केंद्राच्या मानानं ही कामगिरी साधारण आहे. पण ओढ्याचं पाणी पडून वाहतच होतं, आणि यंत्र तालुक्याच्या दुकानातलं आहे.

शर्मांची पुस्तिका हे काही गाजलेलं प्रकाशन नव्हतं. कंपनीचं तांत्रिक साहित्य जसं असतं तसं ते. पण ते योग्य हातांत पडलं.

सूत्रांची परीक्षा

१९९० च्या सुमारास अशी सूत्रं बरीच झाली होती. प्रत्येकानं आपल्या प्रयोगशाळेतल्या चार-दोन पंपांवरून ती बसवलेली. कुठल्यावर विश्वास ठेवायचा? १९९२ मध्ये जर्मन विकाससंस्थेनं शापाला आणि सहकाऱ्यांची सविस्तर हस्तपुस्तिका काढली. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला आर्थर विल्यम्स यांनी आणखी एक सरळ काम केलं. आठ सूत्रं घेतली आणि ३५ पंपांच्या प्रत्यक्ष चाचण्यांशी ताडून पाहिली. १९९४ मध्ये निष्कर्ष छापले. कुठलंच सूत्र सगळ्या पंपांना लागू पडत नाही, हा पहिला निष्कर्ष. पण त्यातल्या त्यात भरवशाचं कोणतं, तर बंगळूरच्या शर्मांचं.

पुढच्या वर्षी विल्यम्स यांनी वापरणाऱ्यांसाठी छोटं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. नॉटिंगहॅमच्याच नायजेल स्मिथ यांनी मोटरचं जनित्र कसं करायचं यावर लिहिलं. आणखी एक महत्त्वाचं उपकरण तिथं विकसित झालं. टर्बाइनचं पाणी कमी-जास्त करणारा गव्हर्नर महाग असतो, आणि पंपाला तर पाणी आवरणारी पाती नसतातच. मग पाणी आहे तसं वाहू द्यायचं आणि गावात जेवढी वीज खर्च होत नाही, तेवढी एका हीटरमध्ये वळवायची. दिवे विझले की हीटर तापतो, दिवे लागले की हीटर थंड होतो. जनित्राला वाटतं, ओझं सतत तेवढंच आहे. इलेक्ट्रॉनिक्सनं हे काम स्वस्तात होऊ लागलं.

म्हणजे तो हरवलेला कागद आता मिळाला होता, आणि त्यावरचं महत्त्वाचं सूत्र भारतातून गेलेलं होतं.

थिमा: घरामागे वीस वॅट

या ज्ञानाचं फळ कसं दिसतं, त्याचं एक चांगलं नोंदलेलं उदाहरण केनियात आहे. माउंट केनियाच्या उतारावर किरिन्यागा भागात थिमा नावाचं खेडं आहे. तिथं २००१ च्या सुमारास नॉटिंगहॅमच्या अभियंत्यांनी स्थानिक लोकांबरोबर उलट्या पंपाचा प्रकल्प उभारला. उंची १८ मीटर, पाणी सेकंदाला २८ लिटर, वीज २.२ किलोवॅट. त्यावर ११० घरं जोडली गेली.

भागाकार करा. घरामागे वीस वॅट. शहरात आपण एक पंखा लावतो त्याहून कमी. पण तिथं आधी रॉकेलची चिमणी होती. वीस वॅटमध्ये कमी विजेचे दिवे लागतात, रेडिओ चालतो. रॉकेलचे पैसे वाचतात आणि धूर जातो. मुलांना संध्याकाळनंतर वाचता येतं. प्रत्येक घरानं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढू नये म्हणून मर्यादा घालणारं उपकरण बसवलेलं होतं. कारण एकानं इस्त्री लावली तर सगळ्यांचे दिवे जातील. इथं यंत्राइतकाच गावाचा समंजसपणा लागतो.

आपल्याकडे का पसरलं नाही

आता स्वाभाविक प्रश्न. पंपांचा देश आपला, सूत्र आपल्याकडलं, सह्याद्रीपासून हिमालयापर्यंत ओढे आपले. मग हे गावोगाव का झालं नाही?

पहिलं कारण पाण्याचंच. पंपाला पाती वळवून पाणी कमी-जास्त करता येत नाही. त्याला ठरलेलं पाणी ठरलेल्या मापानं लागतं. पाणी थोडं घटलं की वीज फार घटते. हिमालयातले झरे बारमाही असतात. तिथं घराट म्हणजे पाणचक्की पिढ्यान्पिढ्या चालते. सह्याद्रीचं तसं नाही. कोकणात, गोव्यात, मलनाडात पावसाळ्यात ओढा गर्जतो आणि मार्चमध्ये दगड उघडे पडतात. त्यावर उपाय आहेत. एकाऐवजी दोन लहान पंप लावायचे आणि पाणी कमी झालं की एक बंद करायचा. पण मे महिन्यातल्या कोरड्या ओढ्यावर कुठलाच उपाय नाही.

दुसरं कारण बारकाव्यांचं. काही पंपांत चाक आट्यांवर बसवलेलं असतं. उलटं फिरवलं की ते सुटून येतं. असा पंप घ्यायचाच नाही, चावी बसवलेला घ्यायचा. अचानक सगळं ओझं गेलं तर पंपाचा वेग भडकतो. लहान पंपांत तेव्हा पाण्याची वाटच आवळली जाते आणि पाइपात दाब उसळतो. तो धरून पाइप निवडावा लागतो. कपॅसिटर जळला तर बदलणारा हवा. ओढ्याच्या तोंडाशी पालापाचोळा अडवणारी जाळी रोज साफ करणारा हवा. ही कामं अवघड नाहीत, पण ती कुणाची, हे ठरलेलं असावं लागतं.

नंदुरबार जिल्ह्यातल्या बिलगावचं उदाहरण इथं आठवतं. धडगावच्या डोंगरात आदिवासी गावकऱ्यांनी श्रमदान करून, केरळच्या दोन अभियंत्यांच्या मदतीनं, १५ किलोवॅटचा प्रकल्प उभा केला. २००३ मध्ये दिवे लागले. २००६ च्या पुरात तो वाहून गेला. तिथलं यंत्र कोणतं होतं, हा इथं मुद्दा नाही. गावानं वीज उभी केली होती, आणि ती गेल्यावर पुन्हा उभी करायला गावाच्या पाठीशी कायमची व्यवस्था नव्हती, हा मुद्दा आहे.

तिसरं कारण तारेचं. जाळं गावागावांत पोचत गेलं. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधलं लैसांग जोडलं गेलं आणि देशातल्या सर्व गावांत वीज पोचल्याचं जाहीर झालं. चांगलीच गोष्ट. तार आली की आपल्या ओढ्याची जाळी साफ करायला कोण जाईल?

आज या इतिहासाचं काय करायचं

तरी विषय संपलेला नाही. तार पोचणं वेगळं आणि तारेतून रोज वीज येणं वेगळं. डोंगरमाथ्यावरच्या वस्त्यांना पावसाळ्यात चार-चार दिवस अंधार असतो. नेमका तेव्हाच ओढा भरलेला असतो. सौर पॅनल ढगांत सुस्तावतं तेव्हा पाणी जोरात असतं. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत.

दुसरी जागा नळयोजनांची. डोंगरातल्या टाकीतून पाणी खाली आणताना दाब इतका वाढतो, की तो मुद्दाम मारावा लागतो. त्यासाठी दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवतात किंवा मधे टाकी बांधतात. त्या जागी उलटा पंप बसवला, तर मारला जाणारा दाब वीज होऊन मिळतो. युरोपात यावर गेली काही वर्षं भरपूर काम चालू आहे. इथं पाणी बारमाही आहे, पाइप आहे, देखभालीला माणूस आहे. धरणाची गरज नाही आणि विस्थापन नाही.

संशोधनही थांबलेलं नाही. भारतातले पुनीत सिंग यांनी २००५ मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहे इथं याच विषयावर प्रबंध लिहिला. चाकाच्या कडा घासून गोलसर केल्या तरी उलट्या पंपाची कार्यक्षमता थोडी सुधारते, असं अभ्यासांत दिसलं आहे. कानस आणि थोडा धीर, एवढ्यात होणारी सुधारणा.

पण मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. सूत्र कितीही चांगलं असलं तरी तो अंदाज आहे. ३५ पंपांत एकही सूत्र सगळ्यांना लागू पडलं नाही, हे विसरायला नको. खरा उपाय एकच. पंप बनवणाऱ्यानं आपला पंप चाचणीच्या बाकावर एकदा उलटा चालवावा आणि तो आलेख सुलट्या आलेखाच्या शेजारी छापावा. काही कंपन्या हे करतात. सगळ्यांनी, सगळ्या लहान पंपांसाठी केलं, तर १९३१ साली सुरू झालेलं काम पूर्ण होईल. ओढ्याकाठच्या माणसाला मग घातांक मांडत बसावं लागणार नाही. तो दुकानात जाईल, उंची आणि पाणी सांगेल, आणि योग्य पंप घेऊन येईल.

तुमच्या भागात, मग ते सिंधुदुर्गात असो, कारवारात, कुमाऊंत की मेघालयात, बारमाही झरा असेल, तर एक काम करून बघा. बादली आणि घड्याळ घेऊन पाणी मोजा. पारदर्शक नळी घेऊन, पाणपातळीनं उंची मोजा. दोन आकडे वहीत लिहून ठेवा. वर्षातून चारदा, चार ऋतूंत. प्रत्येक छोट्या जलविद्युत प्रकल्पाची सुरुवात याच दोन आकड्यांपासून होते, आणि बहुतेक ठिकाणी हे आकडे कुणी लिहूनच ठेवलेले नसतात.

पुढच्या भागात भेटू.